गडूवरचे नाव

लष्करातील आमच्या वाड्याची मागची माडी गेल्या पावसाळ्यात खचली, आणि तीन पिढ्या जिला कुणी हात लावला नव्हता ती खोली एकदाची रिकामी करावी लागली. जुन्या ग्वाल्हेरकरांच्या घरी अशा खोलीतून काय काय निघते ते वाचकांस सांगायला नकोच. मोडका चौरंग, तलवारीवाचून उरलेले म्यान, गौरींचे मुखवटे, तडकलेल्या काचेत बसलेला कुणी पगडीवाला पूर्वज, आणि रुमाल. रुमाल म्हणजे दप्तराचे रुमाल, कापडात बांधून ठेवलेले मोडी कागदांचे गठ्ठे.

मी त्या दिवशी परगावी होते. परत आले तो धाकट्या भाऊजींनी सारी निवड उरकलेली. सनदा, इनामाचे कागद, कोर्टाच्या नकला एवढे एका ट्रंकेत जपून ठेवले होते. उरलेले रुमाल कबाड्याच्या हातगाडीवरून केव्हाच गेले होते.

"वहिनी, त्यांत काही नव्हतं हो," भाऊजी म्हणाले. "सगळा बायकांचा हिशेब. लुगडी, चोळखण, हळदीकुंकू."

"वाचला कुणी?"

"मोडी कोण वाचतंय आता! आईच सांगायची ना, तो आतल्या घरचा खर्च म्हणून."

भाऊजींवर रागावण्यात अर्थ नव्हता. माझी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविण्यात गेली, आणि माझ्या डोक्यावरच्या माडीत काय आहे ते मीही कधी पाहिले नव्हते. शिवाय त्यांनी केले ते जगरीतीप्रमाणेच. जमिनीचा कागद ठेवावा, कारण त्यावरून दावा लागतो; लुगड्याचा टाकावा, कारण लुगडे फाटले की संपले. मोठमोठ्या दप्तरांतही हाच न्याय चालत आला आहे. कागद टिकतो तो कुणाला तरी त्याची गरज असते म्हणून, आणि बाईच्या कागदाची गरज क्वचितच कुणाला भासते.

आपल्याच गावचे उदाहरण घेऊ. कागलच्या सखाराम घाटग्यांची मुलगी बायजाबाई १७९८ साली पुण्यास दौलतराव शिंद्यांशी लग्न होऊन शिंदेशाहीत आली. पुढे दौलतरावांचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचेच हे लष्कर शहर झाले. दौलतराव १८२७ मध्ये निपुत्रिक वारले. बाईंनी मुलगा दत्तक घेतला, तेच जनकोजीराव. आणि सहा वर्षे कारभार स्वतः पाहिला. १८३३ मध्ये दरबारात बंड होऊन बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. मग आग्रा, फत्तेगड, प्रयाग, नाशिक, उज्जैन असा वनवास करीत त्या अखेर ग्वाल्हेरीस परतल्या आणि १८६३ मध्ये येथेच वारल्या. काशीस ज्ञानवापीच्या विहिरीभोवती १८२८ साली खांबांचा मंडप उभारला तो याच बाईंनी, हे यात्रेस जाणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

या बाईंविषयी कागद उदंड आहेत. कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्याची दप्तरे आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत; त्यांत बाईंचे नाव वारंवार येते. मात्र शोधणाऱ्याला चिकाटी हवी, कारण साहेबांनी त्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दर वेळी निराळे केले आहे. आता एवढा कागद का जपला गेला? बाई थोर होत्या म्हणून नव्हे. बाई सरकारला अडचणीच्या होत्या म्हणून. त्या कुठे राहणार, त्यांच्याजवळ खजिना किती, पदरी शिबंदी किती, त्या कुणाला पत्रे लिहितात, याची पंचाईत साहेबांना पडलेली. त्या बाडांत बाई सदा काहीतरी मागत असतात, नाकारीत असतात किंवा कट करण्याच्या संशयात असतात. त्या काय जेवत, कशाला हसत, संध्याकाळी कुणाशी बोलत, याच्याशी रेसिडेंटाला कर्तव्य नव्हते. आणि असते तरी त्याला ते कळले नसते. पुरुष पाहुणा आला तर बाई पडद्याआडून बोलत.

पडद्याच्या आत गेली ती एक इंग्रज बाई. फॅनी पार्क्स तिचे नाव. नवरा अलाहाबादेस कंपनीच्या जकातीवर अधिकारी. ही बाई स्वभावाने भटकी, हिंदुस्थानी बोलणारी, सतार शिकलेली. १८३५ साली ती फत्तेगडास आली असता बायजाबाईंच्या छावणीत गेली, आणि मग पुनःपुन्हा जात राहिली. तिचे प्रवासवर्णन १८५० मध्ये लंडनला दोन खंडांत छापले गेले. माझ्या मते आमच्या बायजाबाई माणूस म्हणून कुठे दिसत असतील तर त्या तिथे. केस पिकलेले, अंगाने थोड्या भरलेल्या, हसणे मोठे गोड, हातपाय नाजूक. अंगावर साधे रेशमी वस्त्र, आणि वैधव्यामुळे दागिना असा नाही, फक्त हातांत सोन्याच्या दोन साध्या बांगड्या. शेजारी नात गजराजा. गादीवर पायाशी शिंद्यांची तलवार ठेवलेली. राज्य गेले होते, पण तलवार गादीवरच होती, हे त्या परक्या बाईच्या नजरेतून सुटले नाही.

एकदा घोड्यावर बसण्यावरून गोष्ट निघाली. दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसण्याची मेमसाहेबांची तऱ्हा पाहून छावणीतल्या बायकांना नवल वाटले. मग फॅनीने मराठमोळा पोशाख चढवून आमच्या बायकांसारखी मांड टाकून पाहिली, आणि हीच बैठक सुखाची असा अभिप्राय देऊन ती मोकळी झाली. हा प्रसंग मी वर्गात सांगत असे तेव्हा मुली हमखास हसत. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते दुसरे एक संभाषण. विधवेच्या वाट्याला काय काय येते हा विषय निघाला असता फॅनीने इंग्लंडचा कायदा सांगितला: तिकडे लग्न झालेली बाई नवऱ्याची किती बांधील असते ते. एक पदच्युत राणी आणि एक जकात अधिकाऱ्याची बायको, फत्तेगड-प्रयागच्या बाजूला कुठेतरी तंबूत बसून आपापल्या देशातल्या बायकांच्या हालांची तुलना करीत आहेत! हे कुठल्या सरकारी बाडात सापडणार? विवाहित बाईच्या मिळकतीचे कायदे इंग्लंडात झाले ते १८७० आणि १८८२ मध्ये. तोवर बाईंना जाऊन कितीतरी वर्षे झाली होती.

तरी फॅनीची वहीसुद्धा एका परकीय पाहुणीची आहे. तिने जे लिहिले ते नवलाईचे. गादीभोवती ज्या बायका उभ्या असत त्यांचा ती उल्लेख करते, त्यांचे पोशाख पाहते, पण त्या बहुतेक बिननावाच्याच राहतात. आणि माझे मन तिथेच अडते. कारण आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक बोलणे चालत आले आहे की, आपल्यातली कुणी एक बाईसाहेबांबरोबर फत्तेगडास होती. कोण, कुणाची, कशासाठी, हे सांगणारे कुणी उरले नाही. सासूबाई एवढेच म्हणत, "होती बाई एक. मोठी खंबीर होती म्हणे."

बायजाबाईंना पुढे मराठीत जागा मिळाली. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ साली घर सोडले ते बाईंच्या यज्ञाची वार्ता आणि दक्षिणेची आशा यांपायी. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. तोही आपल्या भाषेत फिरवून. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापेपर्यंत साठ वर्षे गेली. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी १९०२ मध्ये बाईंचे स्वतंत्र चरित्र लिहिले. अलीकडे, २०११ मध्ये, अमर फारुकी यांचा शिंदे आणि इंग्रज यांच्या संबंधांवरील ग्रंथ निघाला, त्यात बाईंचा पैशाचा व्यवहार आणि कारभार यांकडे नव्या नजरेने पाहिले आहे. 'कारस्थानी बाई' हा साहेबाचा शेरा त्यामुळे बराच पुसट झाला. पुन्हा पुन्हा कुणीतरी उघडावे एवढा कागद बाईंचा होता, म्हणून हे झाले.

कागदच नसेल तर? छापून आलेलेसुद्धा हरवते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये निघाले आणि इतके विस्मरणात गेले की, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले तेव्हा पुष्कळांना ते नवेच वाटले. आणि जिला अक्षर येत नाही तिचे काय? महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर आहे. मला त्या संग्रहात ओव्यांइतकेच आवडते ते असे की, ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव टिपलेले असते. लोकसाहित्य म्हटले की ते कुणाचेच नसते अशी आपली समजूत. इथे ते अमक्या गावच्या अमकीचे आहे.

माडीतल्या सामानात एक तांब्याचा गडू निघाला. गंगा ठेवण्याचा, अरुंद तोंडाचा. भाऊजींनी तो मोडीत घालण्यासाठी वेगळा काढला होता. मी चिंच लावून घासला तेव्हा गळ्याखाली ठोक्याच्या टिंबांनी कोरलेली बाळबोध अक्षरे उमटली: एका बाईचे नाव, पुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे काही नाही, आणि 'शके १७५'. शेवटचा आकडा गेलेला. आमच्याच घरच्या बायकांनी सणावारी चिंचेने घासघासून तो घालविला असणार, आणि त्यांत एक हात माझा. शके १७५० ते १७५९ म्हणजे इसवी सन १८२८ ते १८३७. बाईसाहेबांची फत्तेगडची छावणी त्यातच येते. यावरून काही सिद्ध होत नाही हे मी जाणते. विद्यार्थिनीने असे अनुमान काढले असते तर मी तिचे गुण कापले असते.

घराच्या वंशावळीत ते नाव नाही. वंशावळीत बायकाच नाहीत. एकाखाली एक पुरुष, आणि निपुत्रिकापुढे शून्य. ते नाव येथेही मी देत नाही, घरच्यांनी नको म्हटले म्हणून. म्हणजे वंशावळ लिहिणाऱ्याने केले तेच मीही केले, असे कुणी म्हटल्यास मला उत्तर नाही.

कबाड्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. बहुतेक माल पुढे गेला होता. एक रुमाल मात्र पोत्याखाली दबून राहिला होता, तो त्याने मला वजनावर दिला, वर "माताजी, इसमें क्या है?" असेही विचारले. सध्या मोडी शिकणारा एक विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस घरी येतो आणि एकेक बंद लावून देतो. भाऊजीही आता शेजारी खुर्ची ओढून बसतात.

खर्च बायकांचाच आहे, भाऊजी म्हणाले ते खरे. ओटीचे खण, वैद्याचे औषध, कुणा मुलीच्या पाठवणीचे सामान. परवा एक बंद निघाला, त्यात बाळंतिणीचा खर्च होता: डिंक, खारीक, तूप, शेगडीचे कोळसे, सुइणीस लुगडे एक. त्याखाली निराळ्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत एक ओळ होती. मुलाला आमचा लागला बराच वेळ. कारकुनाने सुइणीचे लुगडे साडेतीन रुपयांचे लिहिले आहे, ते चारांचे होते, मी स्वतः घेतले, दुरुस्त करणे.