ओल कुणाची, खर्च कुणाचा?

पावसाळा आला की भाड्याच्या घरात एक वाद हमखास डोकं वर काढतो. भिंतीला ओल येते, कोपऱ्यात काळी बुरशी चढते, ठेवणीतल्या साड्यांना कुबट वास लागतो. भाडेकरी बाई म्हणते, ‘तुमचं घर गळतंय.’ मालकीणबाई म्हणतात, ‘तुम्ही ओले कपडे घरात वाळवता, म्हणून होतं.’ गंमत म्हणजे कधी कधी दोघींचंही खरं असतं! म्हणून भांडण्याआधी ओल येते कुठून, ते शोधावं.

डाग फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची, कठड्याच्या भेगा, भिंतीत उगवलेला पिंपळ बघा. ऐन उन्हाळ्यातही भिंत ओली असेल तर पाइप किंवा वरचं न्हाणीघर तपासा. टाकी भरल्यावर सगळे नळ बंद करा. तरी पाण्याच्या मीटरचा काटा फिरत असेल तर कुठंतरी गळतंय. आणि बुरशी फक्त कपाटामागे, बंद खिडक्यांच्या खोलीत असेल, तर तो बहुधा कोंडलेल्या दमट हवेचा प्रताप.

आमच्या मंडळाकडे आलेल्या एका तरुण वहिनीच्या धाकट्याला दमा आहे. ओल वाढली की त्याची धाप वाढायची. घर बदलायचं तर नवं डिपॉझिट आणायचं कुठून? तीन महिने ती मालकीणबाईंना येता-जाता तोंडीच सांगत होती. मालकीणबाई तरी काय, एकट्या! भाड्यावरच त्यांचं घर चालतं, गवंडी म्हटला की पोटात गोळा येतो. आम्ही दोघींना घेऊन भिंत पाहिली. भर मे महिन्यात ओल, आणि बरोबर वर न्हाणीघर. फरशी उकलली तर पाइपचा सांधा सुटलेला! दुरुस्ती मालकीणबाईंनी केली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं आणि खिडकी रोज उघडायची, हे वहिनीने कबूल केलं. मुलाला रात्रीची झोप लागू लागली.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे, तिथे त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने निदान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात तो वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. म्हणजे महिना ४ हजार भाडं असेल, तर वर्षाचे ४८ हजार आणि मर्यादा १२ हजारांची. पावत्या जपून ठेवा. चिडून भाडंच बंद करू नका, घर गमावण्याची वेळ येईल.

हल्ली बहुतेक घरं ११ महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर देतात. तिथे या कलमावर विसंबू नका. करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. म्हणून सहीपूर्वीच विचारा, ‘गळती झाली तर दुरुस्ती कोण करणार?’ उत्तर करारात लिहून घ्या आणि करार नोंदवलाय ना, ते पाहा. राहायला जाताना भिंतींचे फोटो काढून ठेवा.

भाडेकरूचीही बाजू आहेच. मोरीत शिळं अन्न ढकलून पाइप तुंबवला, भिंतीत खिळा ठोकताना नळी फोडली, तर तो खर्च आपला. गळती दिसताच न कळवणं हेही चुकीचंच. आज शंभरात भागणारं काम उद्या हजारांवर जातं.

आणि हो, ओल्या भिंतीवर रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात! आधी गळती बंद करा, भिंत वाळू द्या, मगच रंग. बुरशी पुसताना नाकातोंडाला फडकं बांधा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर पाठवा. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मैत्रिणींनो, ओल दिसली की त्याच आठवड्यात चार ओळींचं पत्र लिहा, तारीख घाला, एक प्रत आपल्याकडे ठेवा. कागदावर लिहिलेलं कुणाला नाकारता येत नाही, आणि जिन्यातल्या भांडणापेक्षा ते कितीतरी सोपं!