सुईदोरा, पाखरे आणि पोपटी : एक दिवस घरच्या लक्ष्मीचा

भात झोडून झाले, पेंढ्याची उडवी रचून झाली, वालाच्या शेंगा भरू लागल्या की पनवेल-पेण भागातल्या शेतकरी घराला थोडी उसंत मिळते. हवा गार असते, पायवाटा कोरड्या असतात. पुरुषमंडळी पारावर बसतात, मुले क्रिकेट खेळतात. घरच्या बाईची उसंत मात्र कोठे जाते, हे कोणी विचारीत नाही. भाताचे काम संपले म्हणून चूल, पाणी, शेण-गोठा संपत नाही. देवदर्शनाला किंवा लग्नाला गेली तरी तेथेही तिच्या हाती पोळपाट येतोच.

म्हणून या हंगामात प्रत्येक घराने एक अख्खा दिवस काढावा, असे मी सुचवितो. सकाळी पाखरे पाहावीत, दुपारी आवडीचे शिवणकाम करावे आणि संध्याकाळी शेतावर पोपटी लावावी. अट एकच. त्या दिवशी घरच्या बाईने चुलीपुढे बसायचे नाही.

गुरे कोण पाहणार?

हा पहिला प्रश्न येणारच. त्याचे उत्तर आपल्याच गावात आहे. लावणीला आपण सावड करतो. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. तशीच सावड सुट्टीचीही करता येईल. या रविवारी शेजाऱ्याने तुमच्या म्हशीची धार काढावी, गुरांना पेंढा-पाणी करावे. पुढच्या रविवारी तुम्ही त्याच्या गोठ्यात उभे राहावे. पैसा लागत नाही आणि गोठाही अडत नाही. न्याहारी-जेवणाच्या भाकऱ्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून कराव्यात. भाकरी थापायला हात लहान पडतो असे सांगणाऱ्या मुलाने निदान चटणी वाटावी.

सकाळ : कर्नाळ्याचे रान

पनवेलहून मुंबई-गोवा रस्त्याने पेणकडे निघाले की सुमारे १२ किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते. अंगठ्यासारखा उभा सुळका लांबूनच दिसतो. हे अभयारण्य १९६८ साली झाले. तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते, २००३ साली ते वाढवून १२ चौरस किलोमीटरच्या वर नेले. एस.टी. तेथे थांबते का, हे चढतानाच वाहकाला विचारून घ्यावे.

पाखरे पाहायची तर नऊच्या आत पोचावे. ऊन चढले की ती पानाआड जातात. भडक रंगाचे कपडे नकोत, मोबाईलवर गाणी नकोत. दुर्बीण नसली तरी अडत नाही. एका जागी पंधरा मिनिटे गप्प उभे राहिले की रान आपोआप हलू लागते. टुक्-टुक् असा हातोडीचा आवाज आला तर तो तांबट. काळा-पांढरा, शेपटी वर उचलून फिरणारा तो दयाळ. शेपटीच्या टोकाला दोन लांब पिसे लोंबत असतील तर तो भृंगराज. दुसऱ्या पाखरांच्या आवाजाची तो हुबेहूब नक्कल करतो. मुलांच्या हाती वही द्यावी. नाव ठाऊक नसले तरी चोच कशी, शेपटी कशी, खात काय होते, एवढे लिहावे. नाव मागाहून विचारता येते.

लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर किल्ल्याचा चढ सोडून द्यावा, खालच्या पायवाटाच पुरे. वर गेलेल्यांनी सुळक्यापाशी आरडाओरडा करू नये, विडी पेटवू नये. तेथे आग्या मोहोळे असतात. खाल्लेल्याचा कागदसुद्धा परत आणावा.

दुपार : सुई-दोरा

रानातून बाहेर आल्यावर सावलीची जागा पाहून सतरंजी अंथरावी. भाकरी खाऊन पुरुषांनी भांडी आवरावीत आणि बायकांनी पिशवीतून सुई-दोरा काढावा.

कोणी म्हणेल, शिवणे हेही कामच, मग विश्रांती कसली? फरक आहे. फाटलेली चड्डी शिवणे हे काम. आपल्या मनाने रंग जुळवून गोधडीचा तुकडा भरणे ही हौस. आजीचे लुगडे, आईचे पातळ, धाकट्याचे झबले यांचे तुकडे एकत्र येतात आणि घरचा सगळा गोतावळा एका पांघरुणात बसतो. मोठी गोधडी बरोबर नेऊ नये. हातभर दुपटे किंवा एखादी चौकट न्यावी. जुने सुती कापडच घ्यावे. नायलॉन-टेरिलीनला घाम जिरत नाही आणि बाळाच्या अंगाला ते सोसत नाही. धावदोरा कडेने सुरू करून फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे न्यावा, म्हणजे कापडाच्या घड्या सरकत नाहीत. मुलांनाही सुई द्यावी, मुलग्यांनाही. स्वतःचे बटण स्वतः लावता आले म्हणून कोणी लहान होत नाही.

शिवणकामाचे सर्वांत जुने कारागीर तर आपल्या परसातच आहेत. शिंपी नावाचे चिमुकले पाखरू पानांच्या कडांना चोचीने भोके पाडते, त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवते आणि पानांची पिशवी शिवून तिच्यात घरटे करते. हे शिवण मादी करते. सुगरणीचे मात्र उलटे आहे. नाव बाईचे, पण घरटे विणतो नर! पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला या पाखरांचा बारकाईने अभ्यास केला. नर भाताच्या आणि गवताच्या पात्यांचे दोरे काढून अर्धे घरटे विणतो. मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तरच तो पुरे करतो. घर तिला पसंत पडावे म्हणून एवढी खटपट पाखरूही करते, हे घरधन्यांनी ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात विणलेली ती घरटी हिवाळ्यातही बाभळी-शिंदीला लोंबत असतात. मुलांना ती जरूर दाखवावीत.

हीच पाखरे आपल्या बांधावर

भात पिकताना सुगरणी आणि मुनिया लोंब्यांवर बसतात, हे खरे आहे. पण त्याच सुगरणी आपल्या पिलांना किडे भरवितात. गुरांच्या पाठीवर बसणारा कोतवाल दिवसभर किडेच टिपतो आणि रात्री घुबड उंदीर मारते. चीनमध्ये १९५८ साली धान्य खातात म्हणून चिमण्या मारण्याची देशभर मोहीम झाली. मग पिकांवर किडी माजल्या आणि १९६० साली चिमण्यांचे नाव त्या यादीतून काढावे लागले. कर्नाळ्याहून परतल्यावर आपल्या वाल-हरभऱ्यात एकरी आठ-दहा पक्षिथांबे रोवावेत. दोन काठ्यांचा इंग्रजी टी अक्षरासारखा थांबा, पिकाहून हातभर उंच. खर्च काही नाही. त्यावर कोतवाल येऊन बसला की फवारणीच्या आधी एकदा पिकात फिरून, कीड खरोखर किती उरली आहे ते पाहावे.

परतताना वाटेवर शिरढोण आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली येथे जन्मले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले. त्यांचा वाडा मुलांना दाखवून मगच घर गाठावे.

संध्याकाळ : पोपटी

पोपटी लावणे हे मुळी पुरुषांचेच काम, म्हणून रात्रीच्या जेवणाची चिंता नाही. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला घालावा. त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, आवडीप्रमाणे बटाटे, अंडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबावा. पाण्याचा थेंबही नको. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती काटक्या-गोवऱ्यांचा जाळ करावा. जागा मात्र उडवीपासून दूर असावी आणि जवळ पाण्याची कळशी भरून ठेवावी. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून पाहावे. चर्र होऊन तत्काळ सुकले की पोपटी झाली.

सुट्टीच्या सावडीला शेजारी तयार आहे का, ते आजच विचारा. दिवस कोणता धरायचा, हे मात्र घरच्या लक्ष्मीला ठरवू द्या. वालाच्या शेंगा फार दिवस हिरव्या राहत नाहीत.