यादीबाहेरचे मुष्टियोद्धे

लिव्हरपूल येथे सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेत जास्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी मिळवलेल्या सुवर्णपदकांचे कौतुक भारतीय वृत्तपत्रांतून भरभरून झाले, आणि त्याच स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी, १४ सप्टेंबरला, मँचेस्टरचे माजी जगज्जेते रिकी हॅटन वयाच्या ४६व्या वर्षी गेल्याची बातमीही क्रीडापानांवर ठळकपणे आली. या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचल्या, तर ब्रिटिश मुष्टियुद्धाच्या इतिहासातील एक अप्रिय प्रकरण समोर उभे राहते. ज्या देशात या भारतीय तरुणींनी सुवर्ण जिंकले, त्या देशात १९९८ पर्यंत कोणत्याही स्त्रीला व्यावसायिक मुष्टियुद्धाचा अधिकृत परवाना मिळत नव्हता. आणि ज्या शहराने हॅटन यांच्यासाठी मनापासून शोक केला, त्याच शहरातील लेन जॉन्सन यांना, हॅटन यांच्या जन्माच्या अर्धशतक आधी, केवळ त्यांचे वडील काळे होते म्हणून ब्रिटिश विजेतेपदासाठी एकदाही अधिकृतपणे लढता आले नाही. जॉन्सन आणि त्यांच्यासारखे खेळाडू आज विस्मृतीत गेले आहेत, याचा दोष काळाच्या ओघावर टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही. क्रीडेतील स्मरण बव्हंशी विजेत्यांच्या यादीवर पोसले जाते, आणि या माणसांना त्या यादीत शिरू न देण्याचा निर्णय विचारपूर्वक, नियमावलीत लिहून, घेतला गेला होता.

हा नियम इंग्लंडच्या मुष्टियुद्धात पहिल्यापासून होता असे नाही. केप टाउनहून आलेले कृष्णवर्णीय खेळाडू अँड्र्यू जेप्था यांनी १९०७ मध्ये लंडनमध्ये कर्ली वॉटसन यांना हरवून वेल्टरवेट, म्हणजे मध्यम वजनगटाच्या लगतच्या हलक्या गटातील, ब्रिटिश विजेतेपद मिळवले होते. पुढे त्यांची दृष्टी गेली आणि त्यांचे नावही मागे पडले. परिस्थिती पालटली ती जॅक जॉन्सन यांच्यामुळे. या अमेरिकी कृष्णवर्णीय खेळाडूने १९०८ मध्ये हेवीवेट जगज्जेतेपद जिंकले, १९१० मध्ये रीनो येथे गोऱ्या जेम्स जेफ्रीज यांचा पराभव केला आणि त्यानंतर अमेरिकेत अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. १९११ मध्ये लंडनमध्ये त्यांची लढत ब्रिटिश विजेते बिली वेल्स यांच्याशी ठरली, तेव्हा एफ. बी. मायर या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि तत्कालीन गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती बेकायदा ठरवून थांबवली. धर्मोपदेशकाच्या मोहिमेत हिंसक खेळाविषयीची नैतिक चिंता होती खरी, परंतु साम्राज्यातील कोट्यवधी गौरेतर प्रजेसमोर एका काळ्या माणसाने गोऱ्या माणसाला ठोसे मारून पाडणे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते, ही खरी अडचण होती. हिंदुस्थान हा त्या साम्राज्याचा सर्वांत मोठा भाग असल्याने मराठी वाचकाला या भीतीचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या वेळी ब्रिटिश विजेतेपदांचे नियंत्रण लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लब या खासगी, उच्चभ्रू संस्थेकडे होते. लॉर्ड लॉन्सडेल हे तिचे अध्यक्ष, आणि १९०९ पासून प्रत्येक वजनगटाच्या विजेत्याला दिला जाणारा मानाचा पट्टा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९११ नंतर हा पट्टा गोऱ्यांपुरता राखून ठेवण्यात आला, आणि १९२९ मध्ये क्लबच्या जागी ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल हे नियामक मंडळ आले तेव्हा त्याने हीच अट आपल्या नियमांत घातली : विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आई-वडील दोघेही गोरे असले पाहिजेत. यालाच इंग्लंडमध्ये ‘कलर बार’, म्हणजे वर्णबंदी, म्हणत. तिचा अर्थ काळ्यांनी खेळूच नये असा नव्हता, आणि यातच तिचा कावेबाजपणा होता. काळा खेळाडू कोणत्याही साध्या लढतीत उतरू शकत असे, तिकिटे खपवू शकत असे, गोऱ्या विजेत्याला हरवूही शकत असे. फक्त ज्या लढतीची नोंद इतिहासात राहते आणि जिच्यामुळे पुढच्या लढतींचे मानधन वाढते, तेवढ्या लढतीला त्याला मज्जाव होता.

लेन जॉन्सन यांचे आयुष्य या मज्जावाचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे, आणि म्हणून त्यांच्याकडे सविस्तर पाहिले पाहिजे. मँचेस्टरच्या क्लेटन भागात १९०२ मध्ये जन्मलेल्या जॉन्सन यांचे वडील सिएरा लिओनहून आलेले खलाशी, तर आई आयरिश वंशाची होती. खेळाचे धडे त्यांना मिळाले ते ‘बॉक्सिंग बूथ’मध्ये. गावोगावच्या जत्रांत उभारल्या जाणाऱ्या या तंबूंत मालकाचे ठरलेले मुष्टियोद्धे असत आणि प्रेक्षकांतील कोणीही पुढे येऊन, काही फेऱ्या टिकल्यास बक्षीस, या बोलीवर त्यांना आव्हान देत असे. आपल्याकडील जत्रेतल्या कुस्तीच्या फडाशी त्याचे बरेच साम्य होते. एका दिवसात अनेक अनोळखी, कधी दारू प्यालेल्या, कधी भलत्याच वजनाच्या माणसांना तोंड द्यावे लागत असल्याने तेथे तयार झालेला खेळाडू मार चुकवण्यात तरबेज होई. जॉन्सन यांचा बचाव आणि त्यांचा सरळ डावा ठोसा यांची ख्याती याच शाळेतून आली. प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध पाडण्यापेक्षा त्याला आपल्या जवळच येऊ न देणे ही त्यांची रीत होती, आणि जाणकार प्रेक्षक अशा खेळाची किंमत ओळखतात.

मिडलवेट, म्हणजे मध्यम वजनगटात, त्यांनी १९२५ मध्ये रोलंड टॉड या ब्रिटिश विजेतेपद गाजवलेल्या खेळाडूला दोनदा हरवले. १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅरी कॉलिन्स यांच्यावर विजय मिळवून ते ब्रिटिश साम्राज्याचे मिडलवेट विजेते झाले, परंतु मायदेशी परतल्यावर लंडनच्या अधिकाऱ्यांनी या विजेतेपदाला मान्यताच दिली नाही. १९२७ मध्ये त्यांनी लेन हार्वी यांना गुणांवर हरवले. हे हार्वी पुढे १९२९ मध्ये ब्रिटिश मिडलवेट विजेते झाले आणि १९३३ पर्यंत त्या पदावर राहिले. १९३२ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा हार्वी जिंकले, पण तोवर जॉन्सन यांची उमेदीची वर्षे सरली होती. सव्वाशेहून अधिक व्यावसायिक लढती, त्यांतील बहुतेकींत विजय, आणि यादीत एकही ओळ नाही, अशी ही कारकीर्द १९३३ मध्ये संपली. जॉन्सन यांना त्या दशकातील सर्वोत्तम ब्रिटिश मिडलवेट म्हणावे का, याविषयी मतभेद संभवतात. पण त्या प्रश्नाचा निकाल रिंगमध्ये लागायला हवा होता, आणि तो तसा लागू न देणाऱ्या मंडळाला या मतभेदाचा फायदा मिळता कामा नये.

निवृत्तीनंतरचे त्यांचे आयुष्य खेळापेक्षाही मोठे आहे. काही वर्षे त्यांनी स्वतःचा बूथ चालवला, महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत सापडलेल्यांना सोडवणाऱ्या नागरी संरक्षण पथकात काम केले, पुढे बस आणि ट्रक चालवून पोट भरले. कम्युनिस्ट पक्षात प्रवेश करून त्यांनी मँचेस्टर नगरपरिषदेच्या निवडणुका पुनःपुन्हा लढवल्या आणि त्या प्रत्येक वेळी हरले. ऑक्टोबर १९४५ मध्ये मँचेस्टरला भरलेल्या पाचव्या पॅन-आफ्रिकन काँग्रेसमध्ये, जिथे क्वामे एन्क्रुमा आणि जोमो केन्याटा हे पुढे आपापल्या देशांचे प्रमुख झालेले नेते उपस्थित होते, जॉन्सनही प्रतिनिधी होते. गायक-अभिनेते पॉल रॉब्सन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. १९५३ च्या सप्टेंबरात ह्यूम भागातील एका मद्यालयाने त्यांना रंगावरून पेय नाकारले, तेव्हा त्यांनी शहराच्या महापौरांना आणि बिशपना साद घातली, दोनशेहून अधिक लोक दारात निदर्शनाला जमले आणि काही दिवसांतच मालकाला ती बंदी मागे घ्यावी लागली. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव आज जेवढे टिकून आहे त्याचे मोठे श्रेय मँचेस्टरचे इतिहासकार मायकेल हर्बर्ट यांना जाते, ज्यांनी १९९२ मध्ये जॉन्सन यांचे चरित्र लिहिले आणि त्याच्या शीर्षकातच मुष्टियोद्धा आणि कम्युनिस्ट ही दोन्ही विशेषणे एकत्र ठेवली. ही जोडणी महत्त्वाची आहे, कारण मद्यालयाच्या दारातील जॉन्सन समजायचे असतील तर नियामक मंडळाच्या दारातून परत फिरवलेले जॉन्सन आधी समजून घ्यावे लागतात. क्रीडा-इतिहासकारांनी दुर्लक्षिलेला खेळाडू स्थानिक आणि कामगार चळवळीच्या इतिहासकाराने जपला, हेही पुरेसे बोलके आहे.

वेल्समधील मर्थर टिडफिल या खाणकामगारांच्या गावचे कथबर्ट टेलर यांचे उदाहरण याहून विचित्र आहे. कॅरिबियन वंशाचे वडील आणि गोरी वेल्श आई यांच्या पोटी १९०९ मध्ये जन्मलेले टेलर १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ब्रिटनतर्फे लढले आणि ऑलिंपिक मुष्टियुद्धात ब्रिटनचे प्रतिनिधित्व करणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. हौशी खेळात देशाचा गणवेश घालायला जो माणूस चालला, तोच व्यावसायिक झाल्यावर त्याच देशाच्या पट्ट्यासाठी अपात्र ठरला, आणि दोनशेहून अधिक लढती खेळूनही अपात्रच राहिला. मर्थरमध्ये आज एडी थॉमस, हॉवर्ड विन्स्टन आणि जॉनी ओवेन या तीन मुष्टियोद्ध्यांचे पुतळे आहेत आणि ते तिघेही त्या मानाला सर्वस्वी पात्र आहेत. टेलर यांच्या वाट्याला मृत्यूनंतर चार दशकांहून अधिक काळाने एक स्मृतिफलक आला. मर्थरचे खासदार जेराल्ड जोन्स यांनी या अन्यायाबद्दल नियामक मंडळाने माफी मागावी, ही मागणी अलीकडच्या वर्षांत उचलून धरली.

वर्णबंदी उठली ती १९४८ मध्ये, महायुद्धात साम्राज्याच्या सर्व वर्णांच्या सैनिकांनी रक्त सांडल्यानंतर. २८ जून १९४८ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे डिक टर्पिन यांनी व्हिन्स हॉकिन्स यांना हरवून मिडलवेट विजेतेपद घेतले. कॅरिबियन स्थलांतरितांना घेऊन आलेले ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज त्याच्या सहाच दिवस आधी टिलबरी बंदरात रिकामे झाले होते. ब्रिटिश गयानाहून आलेले डिक यांचे वडील लायनेल पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढले होते आणि विषारी वायूने निकामी झालेल्या फुप्फुसांमुळे लवकर वारले. म्हणजे ज्या देशासाठी बापाने प्राण वेचले, त्या देशाच्या विजेतेपदासाठी मुलाला कारकिर्दीची ऐन वर्षे थांबावे लागले. धाकटे भाऊ रँडॉल्फ यांनी १० जुलै १९५१ रोजी शुगर रे रॉबिन्सन यांना हरवून जी कीर्ती मिळवली तिच्यापुढे डिक यांचे नाव झाकोळले, परंतु रँडॉल्फ ज्या दारातून आत गेले ते डिक यांच्यासाठी उघडले गेले होते. जॉन्सन, टेलर आणि टर्पिन या तिघांच्याही माता गोऱ्या होत्या, ही गोष्ट येथे नोंदवलीच पाहिजे : ‘दोन्ही पालक गोरे’ ही अट नेमकी अशाच, इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या मुलांना गाठत होती.

स्त्रियांसाठी अशा लेखी अटीचीही गरज मंडळाला भासली नाही. परवाना न देणे पुरेसे होते. हल शहराजवळच्या कॉटिंगहॅमच्या, जेमतेम ४ फूट ११ इंच उंचीच्या बार्बरा बट्रिक यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस लढायचे ठरवले तेव्हा त्यांनाही जत्रेतील बूथचाच आसरा मिळाला. शेवटी त्यांनी अमेरिकेची वाट धरली, १९५७ मध्ये सॅन अँटोनियो येथे फिलिस कुगलर यांना हरवून जगज्जेतेपद मिळवले, आणि इंग्लंडला त्याची फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही. चार दशकांनंतर, १९९६ मध्ये, फ्लीटवुडच्या जेन काउच यांनी कोपनहेगनमध्ये जागतिक किताब जिंकला, तरी मायदेशी त्यांना परवाना मिळेना. प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणापुढे, म्हणजे नोकरी-व्यवसायातील तंटे सोडवणाऱ्या न्यायपीठापुढे, गेल्यावर मासिक पाळीपूर्वीच्या तणावामुळे स्त्रिया मानसिकदृष्ट्या अस्थिर असतात असा युक्तिवाद मंडळाच्या वतीने, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, गंभीरपणे करण्यात आला. न्यायाधिकरणाने मार्च १९९८ मध्ये तो फेटाळला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काउच लंडनमध्ये अधिकृत लढत खेळल्या. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत मेरी कोम यांना हरवणाऱ्या निकोला अॅडम्स यांनी सुवर्णपदक जिंकले तेव्हा या निकालाला जेमतेम चौदा वर्षे झाली होती.

पुतळे, फलक आणि सन्मानसभा यांचे मोल कमी नाही, पण मूळ दोष यादीत असल्यामुळे दुरुस्तीही यादीतच व्हायला हवी. १९११ ते १९४८ या काळातील प्रत्येक ब्रिटिश विजेतेपद हे गोऱ्यांपुरते विजेतेपद होते, आणि हार्वी यांच्यासारख्या थोर खेळाडूंचा काडीचाही अवमान न करता ते तसे छापता येते. जॉन्सन यांनी १९२६ मध्ये जिंकलेला साम्राज्याचा किताब अधिकृत नोंदीत घेणे, वर्णबंदीच्या काळातील विजेत्यांच्या तक्त्याखाली ती अट शब्दशः देणे, आणि जॉन्सन व टेलर यांच्या कुटुंबीयांची लेखी माफी मागणे, एवढे काम नियामक मंडळ एका बैठकीत करू शकते.