प्रश्नांचा तराजू

प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हाती घेतला की तुम्ही प्रथम काय पाहता? जबडे मिटल्यावर शून्य जुळते की नाही, हे. ते जुळत नसेल तर तेवढी दुरुस्ती प्रत्येक मापात करावी लागते. आज आपण अशा एका उपकरणाची ओळख करून घेऊ, की ज्याला जबडे नाहीत आणि काटाही नाही. ते केवळ शब्दांचे बनलेले आहे. त्याचे नाव प्रश्नावली.

हृदयाचे ठोके फार मंद पडू लागले, तर छातीच्या कातडीखाली पेसमेकर बसवतात. असा पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये बसवला गेला. हृदय धोकादायक वेगाने धडधडू लागताच विजेचा झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणारे यंत्र १९८० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे प्रथम माणसाच्या शरीरात बसले. यंत्र नीट चालते की नाही, हे डॉक्टरांना तपासता येते. पण ते घेऊन जगणाऱ्या माणसाचे काय? झटक्याच्या धास्तीने त्याने शेतात जाणे तर सोडले नाही? हे त्यालाच विचारावे लागते. त्यासाठी फ्लॉरिडातील संशोधकांची एक प्रश्नावली २००५ साली प्रसिद्ध झाली. कामाधामाला पुन्हा लागणे, यंत्रामुळे होणारा मनस्ताप, यंत्राचा फायदा पटणे आणि शरीराच्या रूपाविषयी वाटणारा संकोच, अशा चार बाजूंनी ती रुग्णाचे मन जोखते. डॅनिश रुग्णांसाठी तिची नव्याने पारख करण्यात आली.

समजा, ती मराठीत आणून धाराशिव जिल्ह्यातील परंड्याच्या एका आजोबांना विचारायची आहे. नुसते भाषांतर पुरेल का? ‘काळजी’ हा शब्दच पाहा. काळजी घेणे म्हणजे जपणे. काळजी वाटणे म्हणजे चिंता. ‘मशीनची काळजी असते का?’ याला आजोबा ‘असते’ म्हणाले, तर ते जपतात की घाबरतात? ‘मशीनचा त्रास नाही ना?’ याला ते ‘हो’ म्हणाले, तर त्रास आहे की नाही? ‘शॉक’ म्हटले की त्यांना विहिरीवरच्या मोटारीचा शॉक आठवेल, जीव वाचवणारा झटका नव्हे. ‘अंशतः सहमत’ हे शब्द त्यांना बोजड वाटतील. पण ‘रुपयात किती आणे पटतं?’ असे विचारले तर ‘बारा आणे’ असे उत्तर चटकन येईल.

म्हणून दोघेजण स्वतंत्रपणे भाषांतर करतात आणि दोन्ही ताडून एक मसुदा ठरवतात. मूळ प्रश्न न पाहिलेला तिसरा माणूस त्याचे पुन्हा इंग्रजी करतो. अर्थ कोठे निसटला, ते तेथे उघडे पडते. नंतर थोड्या रुग्णांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवून ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असे विचारतात.

यानंतर दोन कसोट्या लागतात. पहिली विश्वसनीयतेची. रुग्णाच्या स्थितीत फरक नसताना काही आठवड्यांनी तेच प्रश्न विचारले, तर गुण जवळपास तेच यावेत. एकाच बाजूचे प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्यासाठी क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा हा गुणांक काढतात. तो साधारण ०.७ किंवा अधिक असावा, असा संकेत आहे.

पण तेवढ्याने भागत नाही. पारड्याखाली चिंच चिकटवलेला तराजू दर वेळी सारखेच वजन दाखवतो, आणि दर वेळी चुकीचेच! म्हणून दुसरी कसोटी सप्रमाणतेची: जे मोजायचे तेच मोजले जाते का? चिंता मोजणाऱ्या दुसऱ्या, पारखलेल्या प्रश्नावलीत ज्यांचे गुण जास्त, त्यांचे यंत्र स्वीकारण्याचे गुण सामान्यतः कमी यायला हवेत. तसे आले नाहीत, तर प्रश्न पुन्हा तपासावे लागतात.

कॅलिपर चुकला तर प्रयोग पुन्हा करता येतो. येथे प्रश्न चुकला, तर कागदावर ‘त्रास नाही’ अशी नोंद होते आणि आजोबा मनातली भीती मनातच ठेवून घरी परततात.

तुम्हीही करून पाहा. इंग्रजीतील पाच प्रश्न मराठीत आणा, मित्राकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि मुळाशी ताडून पाहा. शब्दांच्या तराजूची शून्य त्रुटी तुमच्याच वहीत सापडेल.