आकड्याखालच्या ओळी

माझी मुलगी घरूनच लोकांना वेबसाइट बनवून देते. ग्राहकाला द्यायचं दरपत्रक सोप्या मराठीत लिहिण्याचं काम या कवीकडे आलं आहे. ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पाच पानांचे एवढे पैसे?’

पैसे नुसत्या पानांचे नसतात. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची जागा. दोन्ही भाड्यानंच मिळतात. मुदत संपली की पुन्हा पैसे. मांडणी आणि जोडणी ही मेहनत, ती एकदाच मोजायची. मग येतो मजकूर. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधलं मराठी तसंच चढवलं, तर पडद्यावर निरर्थक अक्षरांचा काला दिसतो. ते युनिकोडमध्ये बदलून शब्दन्‌शब्द तपासावं लागतं. हे तास कुणाला दिसत नाहीत, पण रात्री जागून तेच भरावे लागतात.

म्हणून आकड्याखाली आम्ही स्पष्ट लिहितो: यात काय आहे, काय नाही, बदल किती वेळा करून मिळतील, त्यापुढचा दर काय, आगाऊ रक्कम किती. काम करणाऱ्याची जीएसटी नोंदणी असेल, तर १८ टक्के वेगळे.

कुणी फार स्वस्तात करून देत असेल, तर जरूर घ्या. फक्त एवढं विचारा, डोमेन कुणाच्या नावावर? ते त्याच्या नावावर राहिलं आणि उद्या बिनसलं, तर दुकान तुमचं आणि पाटी त्याची, अशी गत होते.