डब्याचे अस्तर आणि त्याची किंमत

हवाबंद डब्यातील अन्न थेट पत्र्याला लागत नाही. मध्ये राळेचे केसाहूनही पातळ अस्तर असते. पत्रा गंजू नये, अन्नाला धातूची चव येऊ नये, हे त्याचे काम. गेल्या शतकाच्या मध्यापासून इपॉक्सी राळेने ते इतके चोख बजावले, की अस्तराकडे कोणी फारसे पाहिलेच नाही. ही राळ ज्यापासून बनते ते बिस्फेनॉल-ए स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे चार्ल्स डॉड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३६ च्या सुमारासच दाखविले होते. भरलेला डबा तापविताना त्याचा अंश अन्नात उतरतो. २०११ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ७५ जणांना पाच दिवस डब्यातील सूप दिले. ताज्या सुपाच्या तुलनेत त्यांच्या लघवीतील हे द्रव्य बारा पटींहून अधिक निघाले.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली होती. एप्रिल २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजारांशावर आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे मान्य नाही. तिची मर्यादा हजारपट सैल आहे. तज्ज्ञांतील हे अंतर ग्राहकाला चमत्कारिक वाटेल. तथापि युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये बंदीचा नियम केलाच. फळे, भाज्या व मासे यांच्या डब्यांना तेवढी जानेवारी २०२८ पर्यंत सवलत दिली. अमेरिकेने २०१३ साली बालदुग्धाच्या डब्यांपुरती मनाई केली, पण कारण दिले ते उत्पादकांनी वापर सोडल्याचे! कायदा बाजाराच्या मागून चालला.

कोकणाला हा प्रश्न दूरचा नाही. जो हापूस पेटीत बसत नाही, डागी, लहान वा हंगामाच्या अखेरचा, तो ‘कॅनिंगला’ जातो आणि त्याचा रस डब्यांतून परदेशीही रवाना होतो. नवे अस्तर महाग पडले, तर तो बोजा परदेशी घाऊक खरेदीदार उचलील असे मानण्यास आधार नाही. घासाघीस करण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्या बागायतदाराच्या किलोमागील भावातूनच तो वळता होण्याचा संभव अधिक. म्हणून नियमाला विरोध करावा असे नव्हे. संक्रमणाच्या काळात कारखान्यांना शासनाने साहाय्य द्यावे, आणि ते देताना बागायतदाराच्या भावाची अट घालावी.

दुसरा धोका दुहेरी व्यवहाराचा आहे. निर्यातीच्या डब्याला नवे अस्तर आणि पुण्या-मुंबईच्या दुकानातील डब्याला जुनेच, अशी वाटणी कारखान्याच्या हिशेबात सहज बसते. येथील ग्राहकाला ती कळणारही नाही. डब्यावर वजन, किंमत, मुदत हे सारे छापलेले असते. अस्तर कशाचे, हे छापण्याचे बंधन नाही.