अणूआधीची रिकामी जागा

ग्रीकांना अणू सुचला तो वस्तूंचे तुकडे करून पाहताना नव्हे. तो निघाला एका वादातून, आणि त्या वादाला तोंड फोडले दक्षिण इटलीतल्या एलिया या ग्रीक वसाहतीतल्या पार्मेनिडीसने. काळ इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याचे म्हणणे असे: जे आहे ते आहे, जे नाही ते नाहीच, त्याचा विचारसुद्धा करता येत नाही. मग नवे काही जन्मायचे तर ते 'नाही'तून यावे लागेल, आणि नष्ट व्हायचे तर 'नाही'त जावे लागेल. दोन्ही अशक्य. म्हणजे बदल हा सगळा भास. खरे अस्तित्व एक, अखंड आणि अचल. समोर झाडाची पाने गळत असली तरी हा गृहस्थ मागे हटणार नाही. चूक डोळ्यांची, तर्काची नव्हे.

सामोस बेटावरच्या मेलिससने यात आणखी एक पाचर मारली. हलायचे तर सरकायला रिकामी जागा हवी. रिकामी जागा म्हणजे काहीच नसणे, आणि काहीच नसणे तर असू शकत नाही. तेव्हा गतीही नाही.

ल्युसिपस आणि त्याचा शिष्य मानला जाणारा, थ्रेसच्या किनाऱ्यावरच्या अब्डेराचा डेमोक्रिटस (जन्म इ.स.पू. 460 च्या सुमारास) यांनी हा युक्तिवाद धुडकावला नाही. उलट, जवळजवळ सगळा मान्य केला. 'नाही'तून काही निघत नाही, कबूल. खऱ्या अस्तित्वाला तडा जात नाही, कबूल. गतीला रिकामी जागा लागते, तेही कबूल. ते अडले एकाच ठिकाणी: गती तर दिसते आहे, तेव्हा रिकामी जागा असलीच पाहिजे, 'नसणे'ही 'असण्या'इतकेच खरे. माझ्या मते खरे धाडस अणूत नाही, या वाक्यात आहे. पोकळी एकदा मान्य केली की पार्मेनिडीसच्या त्या अखंड 'एका'चे असंख्य होतात. प्रत्येक आतून भरीव, न जन्मणारा, न बदलणारा. जन्म म्हणजे अणू जुळणे, मृत्यू म्हणजे ते विखुरणे.

पण तुकडे करणे कुठेतरी थांबतेच, हे कशावरून? ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलेला युक्तिवाद सावकाश पाहू. समजा, एक काठी जिथे म्हणाल तिथे तोडता येते. मग ती सगळीकडे तोडून टाका. उरले काय? थोडी लांबी असलेला तुकडा उरला असेल, तर काम अर्धवट आहे. तोही तोडायला हवा होता. लांबीच नसलेले बिंदू उरले असतील, तर असे कितीही बिंदू जोडले तरी काठी परत होणार नाही. काहीच उरले नसेल, तर मुळात काठी कशाचीच बनलेली नव्हती. तिन्ही वाटा बंद, म्हणून तोडण्याला शेवट हवा. (ॲरिस्टॉटलला स्वतःला हे पटले नाही. कुठेही तोडता येणे वेगळे आणि एकाच वेळी सगळीकडे तोडता येणे वेगळे, हा त्याचा आक्षेप. आणि तो वर्मी लागणारा आहे.)

एवढे रंगीबेरंगी जग मग आले कुठून? अणूंमध्ये ॲरिस्टॉटल फरक सांगतो ते तीनच: आकार, क्रम आणि ठेवण. उदाहरण तो अक्षरांचे देतो. रोमन लिपीत सांगायचे तर ए आणि एन यांचा आकार वेगळा. ए-एन आणि एन-ए यांत क्रम वेगळा. आणि झेड आडवा केला की एन होतो, ती ठेवण. चव, वास, रंग अणूंमध्ये नाहीत. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याच्या नोंदीनुसार आंबटपणा बारीक, कोनदार अणूंमुळे जाणवतो आणि गोडी गोल, त्या मानाने मोठ्या अणूंमुळे. आपल्याकडच्या वैशेषिक तत्त्वज्ञांचा परमाणू इथे वेगळा पडतो: त्यांच्या पृथ्वीच्या परमाणूला स्वतःचा गंध असतो.

पण चव, रंग अणूंमध्ये नसतील, तर ते दाखवणाऱ्या इंद्रियांवर भरवसा कसा ठेवायचा? डेमोक्रिटसला ही अडचण ठाऊक होती. वैद्य गॅलेनने जपलेल्या एका उताऱ्यात तो इंद्रियांना बुद्धीशी भांडायला लावतो. पुरावे आमच्याकडून घेऊन आम्हालाच खोटे पाडतेस, आम्ही पडलो तर तूही पडशील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. इंद्रियांची बाजू कच्ची नव्हती. पोकळी आहे याचा पुरावा म्हणून शेवटी बोट दाखवले होते ते डोळ्यांना दिसणाऱ्या गतीकडेच.